नावाची मूठ

धुळ्याला आलो तेव्हा माझ्याजवळ एक पत्र्याची ट्रंक, एक वळकटी आणि मुंबईत वर्षभर राहिल्याचा माज होता. मुंबईत शेजारच्या खोलीतल्या माणसाचं नाव मला ठाऊक नव्हतं आणि त्याला माझं ठाऊक नव्हतं. याला मी स्वातंत्र्य समजत असे. देशाला ते नुकतंच मिळालं होतं, मला त्याच्या थोडं आधी मिळालं होतं, एवढाच काय तो फरक.

नोकरी देवपुरातल्या एका हायस्कुलात, चित्रकला शिक्षकाची. देवपूर पांझरेच्या पलीकडे, मोकळं आणि हवेशीर. पण बिनलग्नाच्या माणसाला तिथं कुणी खोली देईना. अलीकडच्या जुन्या धुळ्यात गल्ल्यांना नावांऐवजी नंबर आहेत. त्यातल्या एका गल्लीत पिठाच्या गिरणीवरची माडी रिकामी आहे असं कळलं, भाडंही बेताचं. ती रिकामी का होती ते दुसऱ्या दिवशी सकाळी गिरणी सुरू झाल्यावर कळलं. टेबलावरची कपबशी थरथरत आपल्या पायांनी कडेपर्यंत चालत गेली आणि मी धरायच्या आत खाली पडली. आवाज ऐकून कुणीतरी खालून ओरडलं, "फुटली का? पहिली बठ्ठासनी फुटस! आते भिंतीकडे ठेवजात!" पहिली सगळ्यांचीच फुटते, असं खानदेशी बोलीतलं ते सांत्वन होतं.

हे सुपडूनाना. गिरणीचे मालक, चालक आणि एकुलते एक नोकर.

डोक्यापासून पायापर्यंत पीठ. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानांतले केससुद्धा पांढरे. माणूस मूळचा काळा की गोरा हे मला बरेच महिने कळलं नव्हतं. मोठ्या भावाच्या पाठची दोन मुलं गेली म्हणून यांना जन्मल्याबरोबर सुपात घातलं, म्हणून नाव सुपडू. हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि गिरणी चालू असल्यामुळे माझ्याबरोबर सगळ्या गल्लीला पुन्हा एकदा सांगितलं. जन्मभर पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून बोललेला माणूस. गिरणी बंद झाली तरी त्यांचा आवाज खाली येत नसे. देवळात, दवाखान्यात, सिनेमाच्या अंधारात, सगळीकडे ते गिरणी चालू असल्यासारखेच बोलत. एकदा सिनेमात नायिका रडत असताना त्यांनी शेजारच्याला विचारलं, "हिना नवरा कोनता?" आणि पुढच्या तीन रांगांनी मागं वळून त्यांना उत्तर दिलं.

त्या पहिल्या सकाळी त्यांनी माझी उलटतपासणी घेतली. गाव, वडील, भावंडं, जमीन, पगार, लग्न, पोटाची तक्रार. मी मुंबईच्या सवयीनं तुटक उत्तरं देत होतो. ती त्यांना तुटक वाटली नाहीत. मी लाजतोय असं वाटलं. शेवटी म्हणाले, "भाऊशी बोलनं-चालनं शे ना?"

"आहे की," मी म्हणालो.

"बरं शे," म्हणाले, आणि माझ्याकडे पाहायचं सोडून कुणाच्या तरी ज्वारीचा डबा उचलून गिरणीच्या तोंडात ओतला.

संध्याकाळी मी शाळेतून परत आलो तर पानवाल्यानं मला "काय मास्तर, पोट कसं आहे?" असं विचारलं. मला भयंकर राग आला. मी वर जाऊन दार लावून घेतलं.

आमच्या धुळ्याला मधलं शहर म्हणावं. चाळीसगावहून येणारी गाडी इथं येऊन संपते, पुढं रूळच नाहीत. तेव्हा जिल्ह्याचं नाव पश्चिम खानदेश होतं. कोर्टकचेऱ्या होत्या, तेलाच्या घाण्या होत्या, कापसाची जिनं होती, वकिलांच्या घरांवर पाट्या होत्या, विजेचे दिवे होते. म्हणजे शहर म्हणायला काही कमी नव्हतं. पण बाजाराच्या दिवशी आजूबाजूची सगळी खेडी गाड्या जुंपून येत, आणि गाव सोडून आलेल्या प्रत्येक माणसाला त्याचं गाव रस्त्यात आडवं येई. मुंबईला गेलेला माणूस गावाला विसरू शकतो. धुळ्यात विसरायची सोयच नाही. गाव दर आठवड्याला तुमच्या ओट्यावर बसून पाणी मागतं आणि तुमच्या तोंडाकडे बघत राहतं.

नानांचा यावर एक सिद्धांत होता. "मास्तर, मुंबईत मानूस हरपतो. आमच्या धुयात हरपाले जागाच नही."

याचा अर्थ मला पहिल्या पावसाळ्यात कळला. हिवतापानं मी दोन दिवस खोलीत पडून होतो. शाळेत रजेची चिठ्ठी कुणाहाती पाठवावी याचाही विचार करायचं त्राण नव्हतं. दुसऱ्या दिवशी दुपारी गिरणी मध्येच बंद पडली. जिन्यावर पावलं वाजली आणि नाना डॉक्टरला पुढं घालून वर आले. त्यांच्यामागं त्यांची बायको गंगाअक्का, हातात झाकलेली वाटी.

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"सांगाले काय पाहिजे? वर पाय वाजना नही!"

खाली तो एवढा आवाज, आणि त्यातून या माणसाला वर पाय न वाजल्याचं ऐकू आलं होतं. गंगाअक्कांनी पेज पाजली. नानांनी डॉक्टरला माझ्या पोटाची जुनी तक्रार माझ्यादेखत सविस्तर सांगितली. मी भिंतीकडे तोंड करून पडलो होतो, आणि खरं सांगायचं तर मला रडू येत होतं. मुंबईत असतो तर खोलीचं दार कुणी कधी उघडलं असतं, कुणास ठाऊक.

त्यानंतर मी दार लावून घ्यायचं सोडून दिलं.

याचा अर्थ नाना म्हणजे नुसता मायेचा पुतळा होते असं नाही. फार भोचक माणूस. दळणावरून ते घराघरातलं सगळं ताडत आणि ताडलेलं मनात ठेवणं त्यांना जमत नसे. कळण्याचं, म्हणजे ज्वारी-उडदाचं, दळण आलं म्हणजे घरात भरताचा बेत. गहू बारीक दळून मागितला म्हणजे पाहुणे. एकदा समोरच्या घरातल्या वहिनींनी दोनदा लागोपाठ बारीक सपीठ काढून नेलं. नानांनी भर रांगेत जाहीर केलं, "पोरीनं जमनं! पेढा कव्हय देतस?" जमलेलं नव्हतं. उलट पाहुणे नकार देऊन गेले होते. वहिनी त्यानंतर कितीतरी दिवस लांबच्या गिरणीत जात होत्या. नाना रोज ओट्यावर उभे राहून त्यांना डबा घेऊन जाताना बघत आणि मला म्हणत, "माझं काय चुकलं, मास्तर? मी तं चांगलंच बोलनू." त्यांना खरंच कळलं नव्हतं. शेवटी गंगाअक्का जाऊन वहिनींची समजूत काढून आल्या. नानांचं बोलणं आणि अक्कांचं निस्तरणं, असा तो संसार होता. मूलबाळ नव्हतं.

माझ्या लग्नातही त्यांनी असंच नाक खुपसलं. देवपुरातल्या मुलींच्या शाळेत सुशीला शिकवायची. शाळा सुटली की आम्ही दोघं पांझरेच्या पुलापर्यंत एका वाटेनं येत असू, ती पुढं आणि मी शोभेल इतकं अंतर ठेवून मागं. तेवढंच. मी मनाशीसुद्धा अजून काही ठरवलं नव्हतं. एका रविवारी नाना म्हणाले, "जाऊन उनू मी तिना बापकडे. कोर्टात कारकून शे. मानूस सरळ शे. म्हन्तलं, मास्तर बरा शे, फक्त चहा लई पितो." मी डोक्याला हात लावला. सहा महिन्यांनी त्या कारकुनाच्या दारात माझा मांडव पडला, आणि सुशीला माडीवर राहायला आली. तिची पहिली कपबशी फुटली तेव्हा खालून तोच ओरडा आला.

असा हा माणूस अकरा महिने मोकळाढाकळा. श्रावण लागला की मात्र बदले. ओरडणं कमी होई. कुणी काही विचारलं तर एका शब्दात उत्तर. सुरुवातीला मला वाटायचं, पावसाळ्यात धान्य दमट येतं आणि दगड चिकटतात म्हणून चिडत असतील. सुशीला धुळ्याची, ती म्हणाली, "तुम्हाला कानबाई ठाऊक नाही ना, म्हणून असं वाटतं."

कानबाई ही आमच्या खानदेशातली घराघरातली देवी. मी आता सहज 'आमच्या' म्हणतो. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी तिला बसवतात. नारळाला नथ घालतात, दागिने घालतात, चुनरी नेसवतात, सोमवारी वाजतगाजत नदीवर नेतात. पण तिचा जीव असतो तो रोटांत. रोट म्हणजे त्या दिवशीच्या नैवेद्याचं जेवण, आणि ते फक्त भाऊबंदांनी एकत्र बसून जेवायचं. परक्याला त्यातला घास चालत नाही. रोटांचा गहू घरातल्या वडीलधाऱ्या माणसानं मुठीनं काढायचा, घराण्यातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं एक मूठ. तोंडानं नाव घ्यायचं आणि मूठ सोडायची. पाळण्यातल्या पोराची मूठ, नोकरीवर लांब गेलेल्याची मूठ, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्याची मूठ. बायकांची मूठ नसते. जात्यावर हात त्यांचेच झिजतात, पण मूठ नसते, असं सुशीला जरा फटकन म्हणाली.

"आणि नानांची?" मी विचारलं.

"नानांची कुणी घेत नाही," ती म्हणाली.

मग तिनं गंगाअक्कांकडून ऐकलेलं सगळं सांगितलं. नानांचं गाव नरडाण्याजवळ. मोठे भाऊ दगाआबा, घराण्याचे कर्ते. तरुणपणी नानांनी आपल्या वाट्याची जमीन विकून ही गिरणी टाकली. जमीन विकल्याचाही एवढा राग नव्हता, पण ती भाऊबंदांबाहेरच्या माणसाला विकली. दगाआबा म्हणाले, ज्याचं शेत गावात नाही त्याची मूठ रोटांत नाही. नानाही तेव्हा तापट. म्हणाले, नसू दे, मी धुळ्याचा माणूस आहे. त्या श्रावणापासून मूठ बंद, जाणं बंद, बोलणं बंद. घरी स्वतंत्र कानबाई बसवावी तर त्यांच्या घराण्याची रीत आडवी यायची. रोट वेगळे करायचे तर मोठ्या भावानं आपल्या हातानं गहू वाटून द्यावा लागतो, आणि मोठा भाऊ तोंड बघायला तयार नव्हता.

आणि गंमत अशी, गंमत म्हणवत नाही खरं तर, की सगळ्या गल्लीचे रोट दळले जायचे ते नानांच्याच गिरणीत. कानबाईच्या आदल्या शुक्रवारी नाना गिरणी बंद ठेवत. दगड उतरवत, धुऊन काढत, पट्टा पुसत, जमीन सारवून घेत. शनिवारी अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून, अनवाणी उभे राहत. त्या दिवशी दुसरं दळण नाही, फक्त कानबाईचं. बायामाणसं गव्हाची गाठोडी घेऊन रांगेत असत. प्रत्येक गाठोड्यात कुणाकुणाच्या मुठी आहेत ते नानांना पाठ असायचं. "यंदा तुमना धाकल्याना पोऱ्यानी मूठ बी आली ना?" असं ते हळू आवाजात विचारत. वर्षातल्या त्या एकाच दिवशी त्यांचा आवाज हळू असे.

त्यांच्या गावचं कुणी बाजाराला आलं की ते त्याला ओट्यावर बसवत, पाणी देत, पीकपाणी विचारत, बैल विचारत. आणि श्रावण संपल्यावर आलेल्या पहिल्या माणसाला शेवटी कुठंतरी दुसरीकडे बघत विचारत, "रोट चांगला झायात का यंदा?" तो म्हणे, झाले. त्यापुढं नाना काही विचारत नसत आणि तोही काही सांगत नसे. मला हे दिसायला लागलं आणि मग प्रत्येक वर्षी दिसत राहिलं. एवढा मोठा आवाज असलेला माणूस, आणि त्याला जे विचारायचं होतं ते त्याच्या तोंडातून निघत नव्हतं.

एकदा मी म्हणालो, "नाना, जाऊन का येत नाही एकदा? तासाभराची तर मोटार आहे."

"जवळ शे म्हनीसनीच जाता येस नही, मास्तर," ते म्हणाले. "लांब ऱ्हातं तं कव्हयच गेलो असतो."

आमच्या लग्नानंतरच्या दुसऱ्या का तिसऱ्या श्रावणातली गोष्ट. कानबाईचा शनिवार. सकाळची वेळ, रांग ओट्याखाली उतरून गल्लीत गेलेली. मी आणि सुशीला माडीच्या जिन्यात बसून खालची गंमत बघत होतो. गंगाअक्का गिरणीच्या आतल्या दाराशी गाठोडी लावून घेत होत्या. गल्लीच्या तोंडाशी एक बैलगाडी थांबली, आणि तिच्यातून पांढरं पागोटं घातलेला एक उंच म्हातारा उतरला. खांद्यावर स्वच्छ धोतराच्या कापडात बांधलेलं गाठोडं. कुणाला न विचारता तो सरळ आला आणि रांगेच्या शेवटी उभा राहिला.

गंगाअक्कांनी त्याला पाहिलं आणि झटकन पदर कपाळाखाली ओढला. तेव्हाच मला कळलं, हे कोण.

नानांनीही पाहिलं. हातातलं गाठोडं तसंच धरून ते क्षणभर उभे राहिले, मग ओतायला वळले. रांग पुढं सरकत होती. दगाआबा पुढं सरकत होते. कुणी त्यांना आधी जा म्हणालं तर मान हलवून नाही म्हणाले. धुळ्यात गिरण्यांची काही टंचाई नव्हती. गावच्या चक्कीचं इंजिन बंद पडलंय असं त्यांच्या गाडीवानानं कुणाला तरी सांगितलं. पण तीन गिरण्या ओलांडून ते या गल्लीत आले होते, हे आम्हा सगळ्यांना दिसत होतं.

त्यांची पाळी आली. इतक्या वर्षांनी मोठ्या भावाचं धाकट्या भावाशी पहिलं वाक्य झालं ते असं :

"गिरनी धुयेल शे का?"

"धुयेल शे, आबा."

दगाआबांनी गाठोडं दिलं. नानांनी ते दोन्ही हातांनी घेतलं. सोडलं. आत गहू. आता त्या गव्हात कुणाच्या मुठी आहेत आणि कुणाची नाही, हे कुणाला ओळखता येणार? सगळ्या मुठी एकमेकांत मिसळलेल्या. नाना त्या गव्हाकडे बघत होते. विचारायचं तर आता, समोरासमोर. रांगेतली कुजबुज थांबली होती. मला वाटलं, विचारतील. सुशीलानं माझा हात घट्ट धरला होता.

नानांनी विचारलं नाही. गहू ओतला. दगड फिरत होते, खाली बांधलेल्या कापडी नळीतून पीठ यायला लागलं. पाव दळण झालं असेल. आणि नानांनी एकदम बाजूला ठेवलेल्या आपल्या घरच्या गव्हाच्या पोत्यात हात घातला, मूठ भरली आणि त्या दळणात टाकली.

रांगेतली एक म्हातारी ओरडली, "अरे काय करस? बाटाडं ना रोट!"

असं कुणी करत नाही. मोजून आणलेल्या रोटांच्या गव्हात बाहेरचा दाणा पडला तर ते दळण टाकून द्यावं लागतं. नानांना हे इतरांपेक्षा जास्त ठाऊक होतं. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. त्यांनी हात लांब करून खटका ओढला. गिरणी बंद झाली. पट्टा फडफडत थांबला. त्या घरात एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

"चुकनं, आबा," नाना म्हणाले. "दुसरा गहू देस मी. धुईसनी देस."

दगाआबा पुढं आले. गिरणीच्या तोंडात वाकून पाहिलं, जणू ती मूठ वेगळी दिसणार होती. मग सरळ झाले. मला वाटलं आता पिठाचं गाठोडं लाथाडून जातील. तसा तो माणूस होता, असं ऐकलं होतं.

"मूठ अशी टाकतस का?" ते म्हणाले. "चोरसारखी? नाव लेवानं ऱ्हास."

त्यांनी स्वतः त्या पोत्यात हात घातला. मूठ भरून घेतली आणि ती गिरणीच्या तोंडावर धरली.

"ले नाव."

नानांनी तोंड उघडलं. आवाज आला नाही. पुन्हा उघडलं. सगळी गल्ली ज्या आवाजावर उठत होती तो आवाज कुठं गेला होता कुणास ठाऊक. ओठ नुसते हलत होते आणि पिठानं न माखलेल्या त्या दिवशीच्या स्वच्छ गालांवरून पाणी वाहत होतं. आबांची मूठ तशीच धरलेली. नाव घेतल्याशिवाय ते मूठ सोडणार नव्हते. ते मोठे भाऊ, ते स्वतः का घेत नव्हते? मला वाटतं, इतक्या वर्षांत त्यांनाही ते नाव घ्यायची सवय राहिली नव्हती.

"सुपडू."

आतल्या दारातून आवाज आला. आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. गंगाअक्का. पदर तसाच तोंडावर ओढलेला, मान खाली. नवऱ्याचं नाव कधी ओठांवर न आणलेली बाई, समोर थोरला दीर, भोवती अख्खी गल्ली.

"सुपडू राघो," त्या पुन्हा म्हणाल्या, या वेळी स्पष्ट.

आबांनी मूठ सोडली.

मग खटका ओढून गिरणी त्यांनीच सुरू केली; नाना त्या अवस्थेत नव्हते. दळण झालं, गाठोडं बांधलं, खांद्यावर घेतलं. जाताना नानांकडे न बघता, आतल्या दाराकडे न बघता, मध्येच कुठंतरी बघत म्हणाले, "रव्वारे लवकर येज्यात दोन्हीजन. रोट थंडा व्हतस." गाडी गेली. रांगेतल्या त्या म्हातारीनं डोळे पुसले आणि आपलं गाठोडं पुढं केलं. सुशीला जिन्यातून उठून वर गेली आणि बराच वेळ खाली आली नाही. ती मला नंतर एवढंच म्हणाली, "अक्कांची मूठ नसतेच, आणि नाव मात्र अक्कांनी घेतलं."

रविवारी सकाळी दोघं नरडाण्याच्या मोटारीनं गेले, सोमवारी रात्री परत आले. मंगळवारी गिरणी सुरू झाली आणि पहिल्याच गिऱ्हाइकावर नाना असे ओरडले की मी वर दाढी करताना कापून घेतलं. काय झालं, कोण काय बोललं, कुणाशेजारी बसले, त्यांनी काहीही सांगितलं नाही. जगातली एवढी एकच गोष्ट त्यांनी कधी गल्लीला सांगितली नाही. मला थोडा हेवाही वाटला. आमचे नाना दोन दिवस दुसऱ्या कुणाचे होते आणि तिथला घास आम्हाला चालत नव्हता.

पुढं काही वर्षांनी मला जळगावच्या शाळेत बरी जागा मिळाली. आम्ही ट्रंका भरल्या आणि पारोळा-एरंडोलच्या रस्त्यानं पूर्व खानदेशात आलो. जळगाव वाढतं होतं. केळीनं भरलेल्या गाड्या, सराफांच्या पेढ्या, मारवाडी व्यापाऱ्यांची नवी घरं, डाळीच्या गिरण्या. आम्हाला नव्या वस्तीत स्वच्छ, उजेडाची जागा मिळाली. टेबल हलत नव्हतं. शेजारी सभ्य होते, कुणी काही विचारत नव्हतं. बरेच महिने गेले. मुंबईत जे मला स्वातंत्र्य वाटत असे तेच इथं सकाळ-संध्याकाळ माझ्या जेवणात खड्यासारखं लागत होतं. सुशीला दळण घेऊन जायची तिथला पोरगा दर वेळी नाव विचारून डब्यावर खडूनं लिहायचा, आणि पुढच्या वेळी पुन्हा विचारायचा.

एका सुट्टीच्या दिवशी दारात नाना. हातात पिशवी. गिरणीचा पट्टा बघायला जळगावला आलो म्हणाले. जेवले, दोन्ही खोल्या फिरून पाहिल्या, मग म्हणाले, "शेजारी कोन शे?" मी सांगितलं, कुणीतरी बँकेत आहेत. "कुनीतरी?" ते म्हणाले, आणि माझ्याकडे असं पाहिलं की मी खाली बघितलं. स्वयंपाकघरात दळणाचा डबा भरून ठेवलेला होता. तो त्यांनी उचलला. मी हो-नाही करेपर्यंत ते रस्त्यावर होते, आणि मी चपला शोधत त्यांच्यामागं.

गिरणीत सात-आठ बायामाणसं होती. पोरगा खडू घेऊन पुढं आला. "नाव?"

नानांनी डबा खाली ठेवला. मला दंडाला धरून पुढं ओढलं. जळगावच्या इंजिनाच्या आवाजावर त्यांचा आवाज चढला.

"वसंत बापूराव माने. लिखू नको, ध्यानात ठेव. चित्र काढस, पोरासले शिकाडस. हाऊ आमना मानूस शे, धुयाना. आते तुमना गावमा ऱ्हास."

इतक्या वर्षांत त्यांनी मला मास्तरशिवाय दुसऱ्या नावानं हाक मारली नव्हती. माझ्या वडिलांचं नाव त्यांना आठवत असेल असं मला वाटलंही नव्हतं. रांगेतल्या बायका माझ्याकडे बघत होत्या, खडूवाला पोरगा बघत होता. लाजेनं माझे कान तापले होते. नाना तोवर पुढच्या बाईला विचारत होते, "आणि तुम्ही कोन गावन्या, अक्का?"

मोटारीच्या वेळेला ते एकटेच निघाले, मला स्टँडवर येऊ दिलं नाही. मघाशी ते त्या गिरणीच्या भिंतीला टेकून उभे राहिले होते. सदऱ्याच्या पाठीवर दुसऱ्याच्या गिरणीचं पीठ लागलं होतं. रस्त्याच्या वळणापर्यंत ती पांढरी पाठ दिसत होती. मध्ये एक सायकलवाला थांबवून त्यांनी त्याला काहीतरी विचारलं, तो हसला, आणि मग ते वळणाआड गेले. त्यानंतर मी नानांना पाहिलं नाही.

पुढच्या आठवड्यात सुशीला दळण घेऊन परत आली ती दारातूनच म्हणाली, "गिरणीतला तो पोरगा विचारत होता, मानेमास्तर दोन दिवस शाळेला जाताना दिसले नाहीत, बरे आहेत ना?" ट्रंका उतरवून कितीतरी महिने झाले होते. पण जळगावात मी राहायला आलो तो त्या दिवशी.